तेंडोलकरांचं राहिलेलं क्रेडिट

प्रभाकर तेंडोलकरांच्या आयुष्यात फुटबॉल आला तो वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, आणि तोही कुवेतमधल्या एका कॉलेजच्या रजिस्ट्रार ऑफिसच्या खिडकीतून. खिडकीतून प्रत्यक्ष चेंडू आला असता तर काच फुटली असती, चार माणसं जमली असती, दोन शब्द बोलून प्रकरण मिटलं असतं. पण खिडकीपलीकडे बसली होती जवेरिया, आणि ती कॉम्प्युटरकडे बघत हळूच म्हणाली, "तेंडोलकर साहब, एक क्रेडिट कम पड रहा है."

जवेरिया हैदराबादची. विद्यार्थ्यांच्या पदव्या पुऱ्या होतात की नाही ते बघणं हे तिचं काम, आणि वाईट बातमी ती इतक्या अदबीने देते की माणूस आधी आभार मानतो आणि मग हादरतो. तेंडोलकरांनीही आभार मानले. मग विचारलं, "कम मतलब?"

"फिजिकल एज्युकेशन. आपने लिया ही नहीं."

आता तेंडोलकरांनी ते घेतलं नव्हतं हे खरंच होतं. पण ते चुकून राहिलं होतं असं नाही. ते त्यांनी पूर्ण विचारांती, एका तत्त्वाला धरून घेतलं नव्हतं. ते तत्त्व असं, की पीटीचे मार्क धरत नाहीत. कुडाळपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही मराठी घरात जाऊन विचारा. पीटी, चित्रकला, कार्यानुभव हे विषय प्रगतीपुस्तकात खाली असतात, त्यांना अ-ब-क अशी श्रेणी असते आणि बाप सही करताना तिथे बघतसुद्धा नाही. पीटीच्या तासाला गणिताचे सर येतात. पाच वर्षांपूर्वी कॉलेजच्या माहितीपुस्तकात पदवीच्या अटी वाचताना सगळ्यात शेवटी शारीरिक शिक्षण दिसलं, तेव्हा तेंडोलकर गालात हसले होते. इंग्रजी, सांख्यिकी, तत्त्वज्ञान, अगदी युरोपातल्या चित्रकलेचा इतिहाससुद्धा त्यांनी मान खाली घालून केला. खेळाचं बघू, म्हणाले.

त्यात आणखी एक घात असा झाला की पहिल्या टप्प्याच्या पदवीला ही अट नव्हतीच. अमेरिकन पद्धतीच्या कॉलेजात आधी दोन वर्षांची असोसिएट पदवी देतात आणि पुढे शिकलात तर बॅचलरची. तेंडोलकरांना असोसिएट मिळाली तेव्हा इथल्या मराठी मंडळात अभिनंदन नेमकं कशाबद्दल करायचं यावर एकमत होईना. शेवटी शत्रुघ्न परबने निकाल दिला. शत्रुघ्न एसीची कामं करणारा, अर्दियातल्या कामगारांच्या कॅम्पात एकटा राहणारा, तेंडोलकरांच्याच गावचा, आणि दर शुक्रवारी त्यांच्याकडे माशाच्या आमटीला हक्काने येणारा. तो म्हणाला, "म्हणजे भाऊ, तुमी आता अर्धे ग्रॅज्युएट."

उरलेलं अर्धं मिळवणं ही तेंडोलकरांच्या इभ्रतीची गोष्ट झाली ती त्या दिवसापासून. दिवसभर फरवानियातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची आणि संध्याकाळी आपल्या मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसायचं, हे त्यांनी निमूट केलं. लॅबच्या इन्चार्जची जागा डिप्लोमावाल्याला मिळत नाही हे एक कारण होतंच. पण खरं कारण गावाला होतं, आणि त्याचं नाव ठकूबाई.

ठकूबाई म्हणजे तेंडोलकरांची आई. वय अठ्ठ्याहत्तर. प्रभाकरने बीएस्सी अर्धवट सोडून लॅबचा डिप्लोमा केला आणि नोकरीला लागला, त्याबद्दल ती कधी एका शब्दाने बोलली नाही. फक्त कुणाकडे लग्नाला गेली आणि पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या नावापुढे बी.ए. दिसलं की पत्रिका दोनदा वाचायची. आता लेक पदवीधर होतोय म्हटल्यावर ती जन्मात पहिल्यांदा विमानात बसायला तयार झाली होती. व्हिसा हातात होता, तिकीट काढलेलं होतं, आणि गावात तिने देवळापासून पोस्टापर्यंत सगळीकडे सांगून ठेवलं होतं. समारंभ मेच्या अखेरीला होता. आणि आता फेब्रुवारीत ही जवेरिया म्हणत होती, एक क्रेडिट कम.

"एकच ना?" तेंडोलकर सावरून म्हणाले. "फिर ग्रेस दे दो."

जवेरियाला ग्रेस म्हणजे काय ते कळेना. तेंडोलकरांनी तिला समजावून सांगितलं, की आमच्या महाराष्ट्रात एखादा मुलगा एक-दोन मार्कांनी राहत असेल तर बोर्ड त्याला हात देऊन वर ओढतं. शिवाय जो मुलगा खेळात पुढे असतो त्याला अभ्यासात जादा मार्क मिळतात. मग जो अभ्यासात पुढे आहे त्याला खेळात का मिळू नयेत? सांख्यिकीत मला ए आहे. त्यातले थोडे इकडे वळवा.

हा मुद्दा तर्काला धरून होता आणि जवेरियाने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाली, "आप के मुल्क में बहुत रहम-दिल लोग हैं. यहाँ सिस्टम है." आणि सिस्टममध्ये कुठे जागा आहे ते बघायला लागली. बॅडमिंटन भरलं होतं. पोहणं भरलं होतं. योगासनांच्या वर्गात जागा होती, पण तो मुलींचा. तेंडोलकर रोज सकाळी सूर्यनमस्कार घालतात असं मंडळात सगळ्यांना सांगत असत, त्यामुळे ही संधी हुकल्याचं त्यांनी वाईट वाटून घेतलं, आणि खरं तर सुटल्यासारखंही वाटलं. उरला फुटबॉल.

घरी रेखाला सांगितलं तेव्हा ती ड्युटीवरून येऊन पाय शेकत बसली होती. रेखा मोठ्या हॉस्पिटलात नर्स, आणि बीएस्सी नर्सिंग. ही पदवी तिने संसारात कधी वापरली नाही हे तिच्या मनाचं मोठेपण. ती म्हणाली, "अहो, माहितीपुस्तक तुम्ही वाचलं होतं ना?"

"वाचलं होतं."

"मग?"

या 'मग'वर तेंडोलकर माहितीपुस्तक शोधायला उठले. अकरावीतली स्वरा मोबाईलवरून डोळे न काढता म्हणाली, "बाबा, यू हॅड फाइव्ह इयर्स." तेंडोलकरांनी तिला मराठीत बोल म्हणून दरडावलं, आणि मराठीतही ते वाक्य तेवढंच खरं असल्याने विषय बदलला.

शुक्रवारी शत्रुघ्न आला. बांगड्याचं डोकं चोखत त्याने सगळं ऐकलं आणि सल्ला दिला, "भाऊ, आजारी पडा. डॉक्टरचा सर्टिफिकेट द्या, काम झाला. तुमी तर दवाखान्यातच आसात."

हा सल्ला तेंडोलकरांच्या स्वभावात बसत नव्हता, कारण उभ्या आयुष्यात त्यांनी खोटा रिपोर्ट दिला नव्हता. पण खरोखरच काही दुखणं निघालं तर? या वयात काहीतरी असायचंच. ते दवाखान्यातल्या डॉक्टर राजश्री केळुसकरांकडे गेले. बाईंनी तपासलं आणि रक्त द्यायला सांगितलं. तेंडोलकरांनी आपलं रक्त आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच हाताने तपासलं. साखर ठीक. कोलेस्टेरॉल ठीक. हिमोग्लोबिन तर कौतुक करावं असं. त्यांनी यंत्र पुन्हा एकदा जुळवून घेतलं आणि परत तपासलं. तरीही सगळं ठीक. निरोगी असल्याबद्दल इतका खचलेला माणूस त्या लॅबने पूर्वी पाहिला नसावा.

"गुडघे दुखतात हो थोडे," ते डॉक्टर बाईंना म्हणाले.

"मग व्यायाम करा," डॉक्टर बाई म्हणाल्या. "फुटबॉल वगैरे काहीतरी."

सूट मिळाली असती तरी ती मंजूर करणारी समिती म्हणे सप्टेंबरात बसते. तोवर ठकूबाई कुवेत बघून, समारंभ न बघून, गावी परत गेलेली असती. तेंडोलकरांनी फुटबॉलला नाव घातलं.

मग कपडे आले. कपड्यांसाठी स्वराला घेऊन ते फहाहीलच्या बाजारात गेले. अर्धी चड्डी त्यांनी दहावीनंतर चारचौघांत घातलेली नव्हती. दुकानदाराने जी दाखवली ती गुडघ्याच्या वर थांबत होती. तेंडोलकरांना गुडघ्याच्या खाली येणारी हवी होती, आणि शक्य तर घोट्यापर्यंत. स्वरा दोन दुकानं सोडून उभी राहिली. शेवटी पायमोजे वर आणि चड्डी खाली अशी तडजोड होऊन मधला प्रदेश जवळजवळ झाकला गेला.

वर्ग रविवारी आणि मंगळवारी, सकाळी सातला. लॅबमधल्या पूर्वी नावाच्या सहकारिणीने या दोन दिवसांची शिफ्ट बदलून दिली आणि बदल्यात तेंडोलकरांनी तिच्या सगळ्या गुरुवार संध्याकाळी पत्करल्या. मैदानावर वीसएक पोरं होती, कुवेती, मिसरी म्हणजे इजिप्तची, सीरियन, आणि सगळ्यांच्या पोटऱ्या तेंडोलकरांच्या मांडीएवढ्या. शिकवणाऱ्या मिसरी गृहस्थांना सगळे कॅप्टन म्हणत. कॅप्टननी आधी तेंडोलकरांकडे आदराने बघितलं, कारण त्यांना वाटलं कुणाचे तरी वडील तक्रार घेऊन आलेत. खुलासा झाल्यावर तो आदर त्यांनी काढून घेतला नाही, फक्त त्याच्याबरोबर थोडी काळजी मिसळली. "यल्ला हज्जी, आस्ते आस्ते," ते म्हणाले. यल्ला म्हणजे चला, आणि वयस्क माणसाला इथे हज्जी म्हणायची रीत आहे. तेंडोलकरांनी पहिल्या दिवशी आपण हिंदू असल्याचं सांगून पाहिलं. कॅप्टन म्हणाले, "माशाल्ला," आणि त्यांना मैदानाला फेरी मारायला पाठवलं.

पहिल्या महिन्यात तेंडोलकरांनी चेंडूला मारलेल्या लाथांपेक्षा चेंडूने तेंडोलकरांना मारलेल्या लाथा जास्त भरतील. एकदा डोक्याने मारताना चष्मा गोलात गेला आणि चेंडू बाहेर. एकदा उत्साहात ते आपल्याच बाजूच्या गोलाकडे धावत सुटले आणि कुणी अडवेना म्हणून खुश झाले. पण गैरहजर मात्र राहिले नाहीत. गोलकीपर अश्रफ तर उघड बोलायचा की हज्जी येतो म्हणून आपल्यालाही यावं लागतं. अश्रफ म्हणजे एकोणीस वर्षांचा आडवातिडवा पोरगा. फुटबॉल तो तिसऱ्यांदा करत होता, कारण आधी दोनदा त्याला सकाळी जागच आली नव्हती.

एका बाबतीत मात्र तेंडोलकर सगळ्यांच्या पुढे होते. खेळाच्या नियमांवर लेखी परीक्षा होती. ही बातमी कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा तेज दिसलं. त्यांनी नियमांचं पुस्तक मिळवलं, रंगीत पेनाने रेघा मारल्या, रेखाला रात्री जेवताना ऑफसाइड समजावून सांगितलं, आणि तिने झोप येते म्हटल्यावर शत्रुघ्नला फोनवर समजावलं. पेपरात पुरवण्या लावल्या. सत्तावीस वर्षांपूर्वी पुरवण्या सुतळीने बांधायचे, आता स्टेपलर, हाच काय तो फरक. वर्गात पहिले आले. पण नियम असा की लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हीत पास व्हायला हवं, आणि प्रात्यक्षिक शेवटच्या आठवड्यात होतं. पाच पेनल्टी मारायच्या. त्यातली एक तरी गोलात गेली पाहिजे.

त्याच आठवड्यात ठकूबाई विमानतळावर उतरली. नऊवारी, नाकात नथ, हातात कोकमाची सोलं आणि कुळीथपिठाची पिशवी. आल्या आल्या तिने विचारलं, "झिला, पदवी कधी?" तेंडोलकर म्हणाले, "होतली गो आये. थोडी कामां आसत." आणि तिच्यापासून ही गोष्ट लपवायची असं घरात ठरलं.

ते एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी ठकूबाईने बाल्कनीत वाळत घातलेली अर्धी चड्डी बघितली आणि नातीला विचारलं, ही कोणाची. स्वरा आजीपुढे मराठी बोलायचा प्रामाणिक प्रयत्न करत असे. ती म्हणाली, "बाबांची. आजी, बाबा फेल होऊ शकतात. टेक्निकली."

ठकूबाईने सगळं समजून घेतलं. रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, "मगे मी पण येतंय."

"आये, थंय काय बघूचा नाय," तेंडोलकर कळवळून म्हणाले. "ऊन आसा."

"माका ऊन सांगता हो," ठकूबाई रेखाला म्हणाली, आणि पदर खोचला.

परीक्षेच्या सकाळी दारातल्या पहारेकऱ्याने पाहुण्यांना मनाई आहे म्हणून अडवलं. ठकूबाईला त्याची भाषा येत नव्हती, म्हणून तिला मनाई आहे हे कळलंच नाही. ती हसून त्याला नमस्कार करून आत गेली. कॅप्टननी स्वतः खुर्ची आणून सावलीत ठेवली आणि पाण्याची बाटली दिली. पोरांना कळलं की ही हज्जीची आई. मैदानावर एकदम कुजबुज झाली आणि मग सगळे जरा नीट उभे राहिले. अश्रफने टोपी काढली.

तेंडोलकरांचा नंबर शेवटचा. त्यांनी चेंडू ठेवला, मागे गेले, देवाचं नाव घेतलं. पहिली किक गोलाच्या उजवीकडून गेली. दुसरी डावीकडून. तेंडोलकर घामाने निथळत होते. मागे खुर्चीत आई बसली आहे हे त्यांच्या पाठीला कळत होतं. एका लाथेवर पाच वर्षांच्या संध्याकाळी टांगलेल्या होत्या, आणि देवळापासून पोस्टापर्यंतचं सगळं गाव.

हे अश्रफला दिसलं असावं. पोरगा मनाने चांगला. तिसऱ्या किकला तेंडोलकरांचा पाय चेंडूला लागायच्या आधीच तो एका बाजूला सपशेल आडवा झाला आणि डोळे मिटून घेतले. चेंडू रमतगमत गोलात गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेंडोलकरांनी डोळे पुसले. कॅप्टन आपल्या वहीत खूण करायला लागले, आणि तेवढ्यात सावलीतून आवाज आला.

"रे, तो झील आदीच आडवो कित्याक पडलो?"

कुणाला काही कळलं नाही. मग ठकूबाई उठली. भर उन्हात चालत गोलापाशी गेली, अश्रफचा दंड धरून त्याला उभं केलं, आणि बोटाने जमीन दाखवत म्हणाली, "हय उभो रव. नीट अडव." आणि परत येऊन बसली. मालवणी कॅप्टनना येत नव्हती, पण म्हातारीचं म्हणणं त्यांना अक्षरन् अक्षर समजलं. त्यांनी खूण खोडली.

"आये," तेंडोलकर रडकुंडीला येऊन म्हणाले, "गोल झाल्लो तो."

"तो त्याचो," ठकूबाई म्हणाली. "तू तुझो मार."

चौथी किक अश्रफने पकडली. म्हातारीच्या धाकाने बिचारा जीव तोडून अडवत होता. तिसऱ्यांदा फुटबॉल करणाऱ्या त्या पोराने सबंध सत्रात एवढा सुंदर चेंडू कधी अडवला नव्हता आणि अडवल्यावर त्याचा चेहरा मेलेल्या माणसासारखा झाला होता.

राहिली एक. तेंडोलकरांनी या वेळी देवाचं नाव घेतलं नाही. विसरले. डोळे मिटले की उघडे होते हेही त्यांना नंतर सांगता येईना. धावले आणि लाथ घातली. चेंडू खांबाला थडकला, परत आला, झेप घेऊन पालथ्या पडलेल्या अश्रफच्या पाठीवर आदळला, तिथून खाली उतरला, आणि कुणी ढकलल्याशिवाय, हळूहळू, रेषेच्या पलीकडे जाऊन थांबला.

पोरांचं म्हणणं पडलं की खांबाला लागून परत आला म्हणजे किक संपली. कॅप्टन पेन हातात धरून विचारात पडले. आणि तेंडोलकर, ज्यांना आतापर्यंत उभं राहवत नव्हतं, ते ताठ झाले. चष्मा पुसला. घाबरून गेलेला तो खेळाडू क्षणात नाहीसा झाला आणि पुरवण्या लावणारा विद्यार्थी पुढे आला. ते इंग्रजीत म्हणाले, की चेंडू जोवर हलतो आहे तोवर किक पुरी होत नाही. मग तो खांबाला लागो, गोलकीपरला लागो की दोघांना. पुस्तकात आहे. मी पेपरात लिहिलंय, तुम्हीच त्याला पूर्ण मार्क दिलेत.

कॅप्टननी त्यांच्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे बघितलं. खुर्चीतून या वेळी काही हरकत आली नाही. "खलास," ते म्हणाले. "गोल." अश्रफने तेंडोलकरांना उचलून घेतलं, आणि मधला प्रदेश सगळ्या कॉलेजला दिसला.

समारंभ एका मोठ्या हॉलमध्ये झाला. प्रत्येकाला दोनच पाहुणे नेता येत होते, म्हणून रेखा आणि ठकूबाई गेल्या आणि स्वरा घरी मोबाईलवर बघत बसली. भाषणं झाली, आणखी भाषणं झाली. तेंडोलकरांचं नाव पुकारणाऱ्याने त्याचे तीन तुकडे केले, पण ते आपलंच आहे हे ओळखून ते काळा झगा सावरत पुढे गेले. पदवी हातात आली. एवढ्या क्षणासाठी पाच वर्षं काढली होती, म्हणून त्यांनी मान वळवून पाहुण्यांत आईला शोधलं. ठकूबाई एसीच्या गारठ्याने रेखाची शाल गुंडाळून, मान एका बाजूला टाकून, गाढ झोपली होती. रेखा तिला हलवत होती.

परत येताना गाडी तेंडोलकर चालवत होते. माणूस पदवीधर झाला तरी लागायचं ते लागतंच. शेवटी राहवेना तेव्हा म्हणाले, "आये, तू निजलंस. माका पदवी मिळाली ती तुया बघलंसच नाय."

"निजलंय खरी," ठकूबाई मागच्या सीटवरून म्हणाली. "कागद घेतात ता काय बघूचा? लहानपणापासून तुझो निकालच तेवढो माका कळा होतो. तू थंय पेपरात काय करतस, घाम येता काय, हात कापतत काय, आवशीक खंय दिसता? ह्या वक्ताक परीक्षाच बघलंय. माझा झाला."

घराकडे वळणारा फरवानियाचा फाटा उजव्या हाताला आला आणि गेला. गाडी फहाहीलच्या रस्त्याला लागून सरळ चालली होती. रेखाच्या ते लक्षात आलं होतं, पण तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि त्यांना तसंच जाऊ दिलं.